एमडीएफचे रंगवलेले पल्ले: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

शयनगृहातील भिंतभर कपाटाला लॅमिनेटऐवजी एमडीएफचे (लाकडाचे बारीक तंतू डिंकात मिसळून दाबून केलेल्या बोर्डाचे) रंगवलेले पल्ले करायचे ठरले, तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी एकच आक्षेप घेतला: नागपुरात होळी झाली की कूलर लागतो, तो थांबतो न थांबतो तोच पावसाळा येतो, आणि एमडीएफला तर पाण्याचे वावडे. आक्षेप निराधार नव्हता. तरीही आम्हाला पल्ल्यांवर खोबणीची साधी नक्षी हवी होती आणि तीवर सलग, गुळगुळीत मॅट रंग हवा होता. प्लायवूडवर असा रंग दिला तर काही काळाने लाकडाचे रेषे वर उमटू लागतात. एमडीएफला रेषाच नसल्यामुळे ती अडचण येत नाही. काम फेब्रुवारीत झाले आणि आता दिवाळी उलटली आहे. या काळात एवढे नक्की पटले, की पल्ला टिकणार की फुगणार हे शेवटच्या रंगाच्या डब्यावर नव्हे, तर कडांवर आणि अस्तरावर, म्हणजे प्रायमरवर, ठरते.

लकडगंजातून १८ मिलीमीटर जाडीचे, ८ बाय ४ फुटांचे बोर्ड आणले. एक बोर्ड सुमारे ४० किलोचा भरतो, त्यामुळे उंच पल्ल्यांना बिजागऱ्या सढळ हाताने लावाव्या लागतात. कारखान्यात गरम दाबाखाली बोर्ड तयार होताना त्याचे दोन्ही पृष्ठभाग जास्त घट्ट होतात आणि मधला गर तुलनेने सैल राहतो. करवत फिरली की हाच सैल गर कडेला उघडा पडतो. वरच्या बाजूवर जो प्रायमर नीट बसतो, तोच कडेला स्याहीशोषासारखा शोषला जातो, आणि कितीही हात दिले तरी कड कोरडी व खरखरीत राहते. राऊटरने (खोबणी कोरण्याच्या यंत्राने) काढलेल्या खोबणीच्या तळाशीही हीच स्थिती असते.

आमच्या रंगारी मिस्त्रींनी कडांसाठी जे केले ते मी शेजारी उभे राहून पाहिले आणि पुढे घासण्याच्या कामात स्वतः हातही लावला. आधी कडेची धार मोडली, म्हणजे काटकोनी कोपऱ्याला जेमतेम २ मिलीमीटरची गोलाई दिली, कारण टोकदार धारेवर रंगाचा थर पातळ होतो आणि पहिला टवका तिथेच उडतो. मग कड १८० नंबरच्या सँडपेपरने घासून तिच्यावर पातळ केलेला पी.यू. (पॉलियुरेथेन) प्रायमर ब्रशने जिरवला. तो वाळल्यावर उभे राहिलेले तंतू बोटाला दाढीच्या खुंटांसारखे स्पष्ट जाणवत होते. ते २२० ने कापून काढले, वरून पुन्हा प्रायमर दिला आणि शेवटी गाड्यांच्या डेंटिंगमध्ये वापरतात ती पॉलिस्टर लांबी (म्हणजे पुट्टी) पत्र्याने अगदी पातळ ओढली. हे सगळे झाल्यावर पल्ल्याची बाजू कोणती आणि कड कोणती, हे डोळे मिटून हात फिरवला तर ओळखता येत नव्हते. बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेली ३५ मिलीमीटरची भोकेही आतून प्रायमरने बंद केली. ही भोके बहुतेक ठिकाणी कोरीच सोडली जातात, आणि ओल आत शिरायला ती पुरेशी असतात.

पहिला हात पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पाणी लागताच तंतू फुगतात आणि सगळा पृष्ठभाग रवाळ होतो. मग तो सपाट करण्यासाठी घासत बसावे लागते आणि घासण्यात थर पुन्हा उघडा पडतो. आम्ही दोन घटकांचा पी.यू. प्रायमर वापरला. त्याचे दोन हात दिल्यावर वरून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला आणि ठोकळ्याला ३२० चा पेपर गुंडाळून घासले. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो, खोलगट भागातला तसाच राहतो, त्यामुळे लांबी कुठे भरायची हे आपोआप दिसते. नंतर खोलीत अंधार करून टॉर्च पल्ल्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तेव्हा दिवसा न दिसलेल्या लाटाही दिसल्या. मॅट रंग दोष लपवतो असे म्हणतात, परंतु खिडकीतून तिरपे ऊन येणाऱ्या खोलीत तो फारसे लपवत नाही.

या घासण्यात उडणारी धूळ पिठाहून बारीक असते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकही असतो. म्हणून तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करू नये. पी.यू.च्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. फवारणीच्या वेळी धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो.

फवारणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फेब्रुवारीचे हवामान आमच्या पथ्यावर पडले. मे महिन्यात थिनर हवेतच उडून रंग कोरडा पडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा राहतो, तर श्रावणात हवेतील ओलाव्यामुळे हार्डनरची प्रतिक्रिया होऊन बारीक बुडबुडे येण्याचा धोका असतो. मागची बाजूही पुढच्या बाजूइतक्याच हातांनी रंगवून घेतली. हे खर्चिक वाटते, परंतु एकच बाजू बंद केली तर दुसऱ्या बाजूने ओल घेऊन उंच पल्ला धनुष्यासारखा वाकतो.

आता वापराचा अनुभव. कूलर खिडकीत असून त्याचा झोत थेट डावीकडच्या पल्ल्यांवर येतो. नवतप्यातही (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओलसर हवा दिवसरात्र त्यांवर आदळत होती. आज ते पल्ले सरळ आहेत, कडा फुगलेल्या नाहीत आणि खोबणीत भेग नाही. हँडलभोवती मात्र मॅट रंग हाताच्या तेलाने किंचित चकाकू लागला आहे. पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी रंग घेतला म्हणून ते लगेच डोळ्यांत भरत नाही. याच खोलीत एका दुकानातून तयार आणलेले एमडीएफचे छोटे शेल्फ आहे. त्याच्या कडांना थेट रंग मारलेला होता. ऑगस्टमध्ये त्याची खालची कड फुलून दोन बोटांच्या रुंदीत रंग पोळीसारखा सुटला. तीच खोली, तीच हवा, आणि फरक केवळ कडांच्या तयारीचा.

स्वयंपाकघरात सिंकखाली मात्र मी साधा एमडीएफ वापरणार नाही. तिथे ओल सहन करणारा एचडीएचएमआर बोर्ड घ्यावा आणि त्याच्याही कडा अशाच बंद कराव्यात. पल्ले पुसायला ओले करून घट्ट पिळलेले मऊ फडके पुरते. अमोनियाचे काच-क्लीनर आम्ही लावत नाही. दोन घटकांचा रंग ठिगळ लावून जुळत नाही, टवका उडाला तर लांबी भरून अख्खा पल्ला घासून पुन्हा फवारावा लागतो. त्यासाठी रंगाचा क्रमांक कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे आणि हार्डनर न मिसळलेला थोडा रंग घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवला आहे.