एक खोली ऑनलाइन, बाकी घर दुकानातून: कार्पेटचे नऊ महिने

इंग्लंडात रेडिंगजवळ १९३० च्या दशकातलं जुनं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं) घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांचं कार्पेट फुकट मिळालं होतं. ते कुत्रा पाळणारे. पहिल्या पावसाळी आठवड्यात त्या कुत्र्याची आठवण घरभर दरवळली, आणि सगळं उखडायचं ठरलं. लाकडी फळ्या पॉलिश करून तशाच ठेवू, असा बायकोचा आग्रह होता. पण तळमजल्याच्या फळ्यांखाली पोकळी, त्यातून जानेवारीत जो वारा वर येतो तो मोज्यांतून हाडांत शिरतो. म्हणून कार्पेटच.

पुण्यात वाढलेल्या माणसाला कार्पेट म्हणजे गुंडाळून कपाटामागे उभी करता येणारी वस्तू. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवायचं कार्पेट म्हणजे निम्मी वस्तू आणि निम्मी गवंडीकामासारखी मजुरी, हे मला पैसे मोजल्यावर कळलं. छोटी बेडरूम ऑनलाइन घेतली. हॉल, पॅसेज आणि जिना गावातल्या दुकानातून. दोन्ही आता नऊ महिने वापरात आहेत.

आधी ऑनलाइनचं. वेबसाइटने सहा नमुने पोस्टाने फुकट पाठवले, आणि ऑनलाइन खरेदीतला हा सगळ्यात चांगला भाग होता असं मी आजही म्हणेन. नमुने आठवडाभर खिडकीखाली टाकून ठेवले. इथल्या नोव्हेंबरात दुपारी चारला अंधारतं, त्यामुळे दिव्याखाली रंग कसा दिसतो हेही बघितलं. मग बायकोने त्यांच्यावर वरण सांडलं. मुद्दाम. हळद घातलेलं, फोडणीचं. पॉलीप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्याचा, नमुना पातळ केलेल्या ब्लीचने स्वच्छ झाला. लोकरीच्या नमुन्याला ब्लीच चालत नाही, लोकर खराब होते. त्याच्यावरचा पिवळा डाग साबणाने फिकट झाला, गेला नाही. पण खिडकीत राहिलेला तोच तुकडा महिनाभरात उन्हाने जवळजवळ साफ झाला. हळदीचा रंग उजेडात उडतो, आई पिवळे झालेले टॉवेल उन्हात टाकायची ते आठवलं. दुकानात नमुन्यांचं जाड पुस्तक एका रात्रीसाठी घरी देतात. त्याच्यावर वरण सांडायची सोय नाही.

तर बेडरूमला पॉलीप्रॉपिलीन, चौरस मीटरला १५ पौंड. माप मी घेतलं, आणि तिथेच घोडं अडलं.

खोली ३ मीटर रुंद. एका भिंतीला जुन्या चिमणीचा फुगवटा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत आत गेलेली. मी टेप लावली ती चिमणीपासून समोरच्या भिंतीपर्यंत: ३.३० मीटर. पंधरा सेंटीमीटर जास्तीचे धरून ३.४५ लांबीचा तुकडा मागवला. रोल ४ मीटर रुंदीचा होता, म्हणजे १३.८ चौरस मीटर, २०७ पौंड. कोनाड्यांत मात्र खोली ३.६५ भरते. कार्पेट बसवणारा फिटर आला, कार्पेट पसरलं, आणि तो कोनाड्यांकडे नुसता बघत उभा राहिला. दोन्हीकडे वीतभर जमीन उघडी.

परत पाठवायचा प्रश्नच नव्हता. इथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते, पण ग्राहकाच्या मापाने बनवलेल्या वस्तूंना २०१३ च्या नियमांतच सूट आहे, आणि विक्रेत्याने नम्रपणे त्या ओळीवर बोट ठेवलं. चूक माझीच होती, भांडणार कोणाशी?

फिटरने वाचवलं. रोल ४ मीटरचा आणि खोली ३ मीटरची, त्यामुळे बाजूने मीटरभर रुंदीची पट्टी उरलीच होती. तिच्यातून दोन तुकडे काढले, लवेची दिशा तीच ठेवली आणि गरम इस्त्रीने वितळणाऱ्या टेपवर जोडले. लवेची दिशा फिरली तर एकाच रोलचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. हत्यारं आवरताना तो सहज म्हणाला, "रोल आडवा का नाही लावला?" चार मीटरची रुंदी ३.६५ च्या बाजूला टाकली असती, तर ३.१० लांबीचा तुकडा पुरला असता. १२.४ चौरस मीटर. जोड नाही आणि वीस पौंड कमी. मी जास्त कार्पेट विकत घेऊन कमी पाडलं होतं. इंजिनियरिंगची पदवी भिंतीवर नाही ते बरं.

हिशेब असा झाला: कार्पेट २०७, अंडरलेचा (कार्पेटखालच्या मऊ थराचा) रोल ७५, ग्रिपर (कडेने कार्पेट पकडून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या) २५, दाराखालची पट्टी ९, फिटर ११० आणि जोडकामाचे वर ४०. एकूण ४६६. तशाच दर्जाच्या मालाला दुकानाने सगळं धरून ५२० सांगितले होते. म्हणजे वाचले ५४ पौंड. जुनं कार्पेट सोलून, कापून गाडीतून दोन फेऱ्यांत कौन्सिलच्या कचरा केंद्रावर मीच नेलं, त्या शनिवारची मजुरी यात नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. मी हौसेने १० मिलिमीटरचा मऊ अंडरले घेतला. पाय रुततो, छान वाटतं. पण दार अडकलं. फिटर दारं कापत नाहीत, निदान माझ्याने तरी साफ नकार दिला. शेवटी शेजारच्या आजोबांकडून रंधा मागून आणला आणि दार बिजागरीतून काढून खालून तासलं.

दुकानाची गोष्ट वेगळी. एक पन्नाशीचा माणूस लेझर आणि चौकटीचा कागद घेऊन आला. वीस मिनिटांत हॉल, बे विंडो (बाहेर आलेली खिडकी), पॅसेज, जिना असं सगळं कागदावर उतरलं. जिन्याला तेरा पायऱ्या, वरच्या तीन वळणाच्या. वळणाची पायरी एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला परातीएवढी असते, तिला कार्पेट भरपूर लागतं आणि तुकडा वेगळा कापावा लागतो. त्याने कागदावर रोल दोनदा फिरवून बघितला आणि हॉलमधून उरलेल्या पट्टीत पॅसेज बसवला. माझ्या चुकीनंतर हे बघताना जरा पोटात कालवलं. जिन्यावर जाड अंडरले नको, घट्ट आणि पातळ हवा, नाहीतर पायरीची कड गोलगोल होऊन पाय घसरतो, हेही त्यानेच सांगितलं.

माल ८० टक्के लोकर, २० टक्के नायलॉन. चौरस मीटरला ३८ पौंड, आणि "फिटिंग फुकट". फुकट कसलं! अंडरलेचा भाव ऑनलाइनच्या जवळजवळ दुप्पट होता, फिटिंग तिथे लपलेलं. मी घासाघीस केली. मंडईत करतो तशी नाही, इथे ती कुजबुजत करायची असते. जुनं उचलून न्यायचे पैसे त्यांनी सोडले. अनामत क्रेडिट कार्डावर भरली, कारण जुलै २०२४ मध्ये कार्पेटराइटसारखी कार्पेटच्या दुकानांची मोठी साखळी बुडालेली सगळ्यांनी बघितली होती. १०० पौंडांवरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूसाठी कार्डाने पैसे दिले की विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते.

तारीख मात्र दोनदा पुढे गेली. मधे गणपती आले. हॉल उखडलेला, म्हणून बाप्पा त्या वर्षी छोट्या बेडरूममध्ये, माझ्या जोडकामाशेजारी बसले. उदबत्तीचं जळतं टोक खाली पडलं आणि पॉलीप्रॉपिलीन तिथल्या तिथे वितळून हरभऱ्याएवढा कडक काळा ठिपका झाला. कात्रीने टोकं छाटली, अजून बोटाला लागतो. लोकर अशी वितळत नाही, जळून राख होते आणि झाडून निघते. देवघर असेल त्या खोलीचा विचार करताना हे धरा.

आता नऊ महिन्यांनंतरची स्थिती. बेडरूममध्ये पलंगापासून दारापर्यंत पायवाट उमटली आहे. लव चपटी झाली, व्हॅक्यूमने उठत नाही. एका कोनाड्यावर कपाट आलं, दुसऱ्यातला जोड सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतो. पाहुण्यांना नाही दिसत, मला रोज दिसतो. डागांच्या बाबतीत मात्र हे कार्पेट निबर आहे, चहा, बोर्नव्हिटा, मुलाचे जलरंग, सगळं निघालं.

लोकरीच्या कार्पेटने पहिले तीन महिने इतका भुसा सोडला की व्हॅक्यूमची पिशवी आठवड्याला भरायची. मी दुकानात तक्रार घेऊन गेलो तर हसले, नवी लोकर गळतेच म्हणाले. थांबली. सोफ्याच्या पायांचे खड्डे बर्फाचा खडा ठेवून, ओलं झाल्यावर बोटांनी उकरून वर आले. कसर लागू नये म्हणून सोफ्याखाली महिन्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवतो. दिवाळीची रांगोळी आता प्लायवुडच्या पाटावर.

आणि पाचव्या आठवड्यात वरच्या वळणाच्या पायरीवरचं कार्पेट सुटलं. दुकानात फोन केला, शनिवारी तोच फिटर आला, दहा मिनिटांत पुन्हा ताणून ठोकलं, चहा पिऊन गेला. पैसे नाहीत. बेडरूमचा फिटर चांगला होता, पण तिथे काही सुटलं तर विक्रेता म्हणणार फिटिंग आमचं नाही, फिटर म्हणणार माल माझा नाही. त्या ५४ पौंडांत मी नेमकं काय विकलं ते जिन्यावर समजलं.

तरी ऑनलाइन बंद केलेलं नाही. चौकोनी, चिमणी नसलेली खोली असेल तर पुन्हा घेईन, फक्त माप स्वतः घेणार नाही. तिसरी खोली बाकी आहे. बेडरूमच्या फिटरला विचारलं, तो २५ पौंडांत येऊन माप काढून देतो आणि रोल कसा लावायचा ते कागदावर आखून देतो. दुकानाकडून फुकट माप घेऊन माल ऑनलाइन मागवणारे लोक आहेत, मला ते जमत नाही. त्या पन्नाशीच्या माणसाचा चेहरा आठवतो.

ती खोली आईसाठी. ती जुलैत येते आहे. व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून दाखवलं तर म्हणाली, "अरे, हे झाडायचं कसं? माझ्या खोलीत नको काही ठोकूस. मी सतरंजी घेऊन येते."