लांबी बघून घेतला, वजन नंतर कळलं

आठ महिने झाले झाडाच्या फांद्या कापायचा लांब दांड्याचा कटर वापरतोय, वर पातं आणि करवत असलेला, खालून दोरी ओढायची. घेताना मी फक्त लांबी बघितली आणि तिथंच गंडलो. खोक्यावर मोठ्या अक्षरात साडेपाच मीटर, खाली बारीक अक्षरात 'माणसाच्या उंचीसकट', म्हणजे दांडा चार मीटरच्या आतबाहेर, बाकीचे माझे वर केलेले हात!

बरं तेवढाही पूर्ण उघडला तर आवरत नाही. सगळं वजन शेंड्याला, पातं, कप्पी, स्प्रिंग, करवत, आणि दांडा लवतो, त्यामुळे ज्या फांदीवर नेम धरलाय ती सोडून शेजारची तोंडात येते. दुकानात हलका वाटलेला कारण मिटलेला होता ना. पूर्ण उघडून, तिरका धरून, मान वर करून दोन मिनिटं उभं राहून बघा, मगच घ्या. मी आता दोन तृतीयांशच उघडतो आणि तेवढ्यात ऐंशी टक्के काम होतं.

लॉक पण बघा. माझं पिळून घट्ट करायचं आहे, धूळ बसली की सटकतं, एकदा वरचा पाइप सरकत थेट बोटांवर आला. खटक्याचं किंवा दाबायच्या बटणाचं घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि दोरी बाहेरून लोंबणारी असेल तर ती डहाळ्यांत अडकणार म्हणजे अडकणारच, आतून पट्टी जाणारे येतात ते यात सरस.

कापायचं म्हणाल तर 32 मिमी लिहिलंय, पण ओली फांदी अंगठ्याएवढी असली तर एका ओढीत जाते, त्याच्या पुढं झटापट. वाळकी तर त्याहून बारीकच घ्या. मी हट्टानं एक जाड वाळकी पकडली, पातं रुतलं, ना पुढं ना मागं, आणि कटर अर्धा दिवस झाडावर लोंबत होता, शेवटी शिडी लावली जी टाळायला हे घेतलं होतं. पात्यात दोन प्रकार असतात, कात्रीसारखं एकमेकांना घासून जाणारं ओल्या फांदीला चांगलं, सपाट पट्टीवर येऊन दाबणारं ओली साल चेंगरतं.

जाड फांदीला करवतच. दात ओढताना कापतात, ढकलताना जोर लावू नका, दांड्याचं वजन थोडंफार काम करतं. पण वरून सरळ कापत गेलो तर फांदी अर्ध्यात मोडून खोडाची साल लांबपर्यंत सोलत आली, झाडाकडं बघवेना. तेव्हापासून आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे सरकून वरून कापून फांदी पाडायची, उरलेला खुंट शेवटी, बुडाशी जे फुगीर कडं असतं ते न छेडता.

आता महत्त्वाचं. माझा दांडा अॅल्युमिनियमचा आहे, म्हणजे विजेची तार जवळ असेल तर तो उचलायचाच नाही, तारेपासून निदान तीन मीटर लांब, आणि फांदी पडताना कुठं झोके घेईल तेही धरून. फायबरग्लासमधून वीज जात नाही म्हणतात, ते कोरडा आणि स्वच्छ असेपर्यंतच, त्याच्या भरवशावर तारेजवळ जाऊ नका. आणि फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, बाजूनं तिरका लावायचा. चष्मा लागतोच, भुसा सरळ डोळ्यात येतो.

देखभाल फार नाही. चीक वाळायच्या आत स्पिरिटनं पुसतो, तेलाचा थेंब, आणि कानस फक्त उतार असलेल्या बाजूनं, सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापण्याऐवजी दुमडते (हे कसं कळलं विचारू नका). पातं अजून तेच आहे, दोरी मात्र एकदा बदलली.