वेडी बाभूळ मुळासकट काढणारी टीम, घोड्यांच्या कुरणासाठी (दौंड)

५ पैकी ४ स्टार. भीमेच्या बाजूला आमचं माळरान आहे, घोड्या तिथंच चरायच्या, पण वेड्या बाभळीनं असं गच्च धरलं की शिंगराला आत सोडायची भीती वाटायला लागली, टापेच्या मऊ भागात काटा मोडला की आतल्या आत पिकतो आणि जनावर लंगडायला लागतं. शेंगा गोड असतात म्हणून घोडी त्यावर तुटून पडते, जास्त खाल्ल्या की पोट धरतं, शिवाय लिदीतून बी रानभर पडतं ते वेगळंच.

आधी एकाने नुसतं कटरने तोडून दिलेलं, पाऊस पडला आणि प्रत्येक बुंध्याला झुपकाच्या झुपका फुटला. ह्या पोरांनी मात्र पोकलेनने एकेक बुंधा जमिनीखाली फूटभर खोल जाऊन गड्ड्यासकट उपटला, फुटवा तिथूनच येतो ना. बारकी झाडं पहारीने काढली. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे गावठी बाभळींना त्यांनी हात लावला नाही, पिवळी गोल फुलं आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग दिसली की मुकादम लांबूनच ओरडायचा, "ती ऱ्हाऊ द्या!" त्यामुळे दुपारची सावली शाबूत राहिली. लाकूड कोळशाच्या भट्टीला त्यांनीच नेलं, तेवढे पैसे बिलातून वजा केले. काटे बायकांनी दाताळ्याने ओढून एका जागी पेटवले.

एक स्टार कापला तो खड्ड्यांसाठी. मुळं काढली तिथं खड्डे तसेच सोडून गेले, वर भुसभुशीत माती, पळणाऱ्या घोड्याचा पाय त्यात गेला तर हाडच मोडायचं, म्हणून फळी मारून जमीन सपाट करायचं काम मी वेगळे पैसे देऊन करून घेतलं. तुम्ही आधीच ठरवून घ्या.

आणि जमीन उकरली की गाजर गवत उठतंच, फुलावर यायच्या आत हातमोजे घालून उपटायचं. कुरणासाठी बियाणंवाला अंजन गवत गळ्यात मारत होता, डॉक्टरांनी नको सांगितलं, त्यात ऑक्झलेट असतं आणि घोडा रोज तेच खात राहिला तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं कमजोर होतात, नेपिअर गवताचंही तेच. गाई-म्हशींना चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. मी मारवेल गवताची ठोंबं लावली, पावसात मस्त धरलीत, पण पहिलं वर्ष जनावर आत सोडायचं नाही, मुळासकट उपटून येतं.

ज्यांना काम द्यायचंय त्यांनी दिवाळीनंतर लगेच द्या, जमिनीत ओल असते तोवर मुळं अख्खी निघतात, उन्हाळ्यात निम्मी आतच तुटतात आणि मशीनचे तासही वाढतात. पुढच्या पावसात बियांची रोपं येणारच, ती काढायला एक फेरी ह्यांच्या रेटमध्येच आहे, तेवढं कागदावर लिहून घ्या.