स्थळप्रती वाचायला दिल्लीला

आमच्या घरी समाजवादी नेते मधु लिमये यांचं नाव 1979 नंतर जवळजवळ शिवीसारखं घेतलं जायचं. वडील शाखेत जाणारे. जनता पक्षात राहायचं तर संघाशी संबंध ठेवता येणार नाही, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद ज्यांनी लावून धरला त्यांत लिमये पुढे. जुलैत मोरारजी देसाईंचं जनता सरकार पडलं आणि वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हा निवृत्त झाल्यावर मी लिमयांचे कागद बघायला दिल्लीला गेले, हे वडिलांना कळतं तर काय म्हणाले असते, देव जाणे.

आधी कामाचं सांगते. लिमये जन्मले पुण्यात, 1 मे 1922 ला. पण लोकसभेवर चारही वेळा गेले ते बिहारमधून, दोनदा मुंगेर आणि दोनदा बांका. त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह आहे दिल्लीत, तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या ग्रंथालयात. पूर्वीचं नेहरू स्मारक. 2023 पासून प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय. रिक्षावाल्याला हे सगळं सांगत बसू नका, ‘तीन मूर्ती’ म्हणा. मी मेट्रोच्या यलो लाइनवर लोककल्याण मार्ग स्टेशनला उतरून रिक्षा केली. संग्रहालयाला येणाऱ्या शाळांच्या सहलींच्या मागे चालू लागलात तर भलतीकडे पोचाल. आपल्याला ग्रंथालयात जायचंय, हस्तलिखित विभागात.

तिथे आधी सूची मागायची, आपला विषय आणि साल शोधायचं, चिठ्ठी भरायची. मग फाइल टेबलावर येते. शिसपेन न्या, टोकयंत्रासकट. सालं घरूनच पाठ करून जा, नाहीतर सूची बघूनच घाम फुटतो. निदान एवढी तरी: 1955 ला गोव्यात सत्याग्रह, पोर्तुगीज पोलिसांचा मार, 12 वर्षांची शिक्षा, 1957 ला सुटका. मग 1964 ची मुंगेरची पोटनिवडणूक. जुलै 1975 ते फेब्रुवारी 1977 मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, मध्य प्रदेशातले तुरुंग. गोव्याच्या कैदेतली रोजनिशी त्यांच्या मागे 1996 साली छापून आली आहे. ती वाचून गेलात तर उत्तम.

आता मला काय आवडलं ते. मी कोर्टात 34 वर्षं टायपिस्ट होते. इतिहासकार मजकूर वाचत असतील, माझं लक्ष आधी कागदाकडे जातं. पातळ कागद, कार्बनची निळसर शाई, पूर्णविराम जोरात आपटल्यामुळे पडलेलं भोक. मूळ पत्र ज्याला लिहिलं त्याच्याकडे जातं, आपल्याकडे राहते ती स्थळप्रत. आमच्या साहेबांपैकी जे लोक उद्या शब्द फिरवायच्या तयारीत असायचे, ते हळूच म्हणायचे, ‘बाई, याची स्थळप्रत नको.’ इथे समोर बसून मी हेच मोजत होते, की या माणसानं कशाकशाची प्रत ठेवली. भांडणाची ठेवली. सल्ल्याची ठेवली. पत्रव्यवहार इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्हींत, त्यामुळे एका दिवसात तीन चष्मे लागल्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी आणीबाणीत अडकले. 1976 साली सरकारनं लोकसभेची मुदत वाढवून घेतली. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलं होतं, ती संपली, असं म्हणून लिमयांनी खासदारकी सोडली. दुसरे विरोधी खासदार शरद यादव, त्यांनीही सोडली. बाकीचे विरोधक बसून राहिले. पुढे 1977 ला स्वतःचा पक्ष सत्तेवर आला तर मंत्रिपद घेतलं नाही. माजी खासदाराचं आणि स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतनही नाही. हे सगळं मला आधी ऐकून माहीत होतं. पण त्या काळातल्या फायली एकीवर एक ठेवून वाचल्या की 1979 चा माणूस अचानक उपटलेला वाटत नाही. वडील चुकले होते असं मी म्हणणार नाही. त्या सरकारकडून त्यांना फार आशा होती, आणि ती मोडली. एवढंच, की लिमये तेव्हा बदलले, हे वडिलांचं म्हणणं मला आता पटत नाही.

एका बाबतीत सावध करते. मी दोन दिवसांचा बेत करून गेले होते. पहिला दिवस सूचीतच गेला, आणि परतीचं तिकीट बदलावं लागलं. चार दिवस तरी हाताशी ठेवा. राहायची सोय जवळ बघा. मी स्वस्तात म्हणून लांब उतरले आणि रोजचे दीड-दोन तास रस्त्यात घालवले.

कागदांच्या तब्येतीबद्दल: टेबलावर आलेल्या फायली नीट होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडच्या एका संस्थेत (नाव घेत नाही) मी एका जुन्या कार्यकर्त्याची पत्रं पोत्यात बघितली आहेत, कसर लागलेली, वर चहाचे डाग. घरात असले कागद असतील तर रद्दीवाला यायच्या आत जिथे कुणी चिठ्ठी भरून मागू शकेल अशा ठिकाणी द्या.

मला अजून जनता पक्षातल्या शेवटच्या वर्षाच्या फायली बघायच्या आहेत. दिवाळी झाली की जाईन. या खेपेला भिंग नेणार.