बोडी की मॅन्झनार? एकाच जागेपुरता वेळ असेल तर

पूर्व कॅलिफोर्नियातला ३९५ नंबरचा हायवे मोनो आणि इन्यो या दोन विरळ वस्तीच्या काउंट्यांमधून जातो. मोनोत बोडी हे सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव आहे, तर इन्योत मॅन्झनार ही दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवलेली छावणी. मधलं अंतर दीडशे मैलांना जरासं कमी, गाडीने तीनेक तास. एका दिवसात दोन्ही उरकता येतात, पण मग ती उरकल्यासारखीच होतात.

आधी तारीख बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. बोडी ८,३७५ फुटांवर आहे. हिवाळ्यात तिथे जाणारा २७० नंबरचा रस्ता बर्फाने बंद होतो आणि स्की, स्नोशू (बर्फावर चालायचे रुंद जोडे) किंवा स्नोमोबाइल असणारेच पोचतात. एरवी हायवेपासून १३ मैल, त्यातले शेवटचे तीन कच्चे, गाडीचे नटबोल्ट खिळखिळे करणारे. साधी सेडान सावकाश जाते. पेट्रोल ब्रिजपोर्टला किंवा ली व्हायनिंगलाच भरा, खाणं सोबत न्या, आत दोन्ही मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून टायोगा पासमार्गे येणार असाल तर तो घाटही हिवाळाभर बंद असतो, हे विसरू नका. मॅन्झनार हायवेला लागूनच, आवार बाराही महिने खुलं, प्रवेश फुकट. तिथे त्रास उन्हाळ्याचा: पारा १०० फॅरनहाइटच्या वर, सावली जवळजवळ नाही, वारा सुटला की डोळ्यांत धूळ.

बोडीत बघायला भरपूर आहे. १८५९ साली सोनं सापडलं, १८८० च्या आसपास गाव ऐन भरात होतं, १९३२ च्या आगीत बराच भाग जळला. तरी शंभरावर इमारती उभ्या आहेत. १८९२ मध्ये १३ मैलांवरच्या जलविद्युत केंद्रातून तारांनी इथल्या खनिज दळणाऱ्या गिरणीला वीज आणली होती. त्या काळात हे धाडसच. १९६२ पासून हे राज्य उद्यान आहे आणि धोरण एकच: पडू द्यायचं नाही, पण नवंही करायचं नाही. छप्पर गळलं तर दुरुस्त होतं, आतली धूळ मात्र तशीच राहते. बहुतेक घरं खिडकीतूनच बघायची, म्हणून लेन्स काचेला टेकवून फोटो काढा, नाहीतर फक्त स्वतःचं प्रतिबिंब मिळेल. ती स्टँडर्ड गिरणी आतून बघायची तर उन्हाळ्यातली मार्गदर्शित फेरी घ्यावी लागते, त्याचं तिकीट वेगळं. जमिनीवरचा गंजका खिळासुद्धा उचलू नका, तो गुन्हा आहे.

मॅन्झनारला उलटा प्रकार. युद्धानंतर बराकी विकल्या, मोडल्या, लाकूड इथल्या ओवेन्स खोऱ्यात इतरत्र वापरलं गेलं. त्यामुळे गाडीतून झुडपं दिसतात आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून लोक पुढे जातात. इथे दहा हजारांवर माणसं होती, त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. सुरुवात १९४४ च्या सभागृहातल्या प्रदर्शनापासूनच करा. मग १४ नंबरच्या ब्लॉकमधल्या पुन्हा उभारलेल्या बराकी: २० बाय १०० फुटांची एक बराक, त्यात २० बाय २५ च्या चार खोल्या, एकेका खोलीत आठआठ माणसं. स्वच्छतागृहात आडोसा नव्हता, ही गोष्ट वाचण्यापेक्षा तिथे उभं राहून जास्त कळते. शेवटी दफनभूमीतला १९४३ चा पांढरा स्तंभ आणि कैद्यांनीच रचलेल्या, आता उकरून काढलेल्या बागांचे दगड. गाडीने फिरण्याचा मार्ग तीनेक मैलांचा, पण जागोजागी उतरून चाला.

फोटो, जुनी यंत्रं, धावणारी मुलं असतील आणि जुलै-ऑगस्ट असेल तर बोडी. बाकी सगळ्यांना आमचा कौल मॅन्झनारलाच. बोडीसारखी ओसाड खाणगावं पश्चिमेत आणखीही सापडतात, अशा छावण्या मात्र सगळ्या मिळून दहाच होत्या. शिवाय सहा मैल उत्तरेला इंडिपेन्डन्समध्ये काउंटीचं ईस्टर्न कॅलिफोर्निया म्युझियम आहे, तिथे या खोऱ्याच्या मूळ रहिवाशांच्या, पायूट लोकांच्या, विणलेल्या टोपल्या बघता येतात.