तीळ काढायचा: लेझरने की टाके घालून?
लग्न ठरलं की चेहऱ्यावरच्या तिळावर चुना-सोड्याचा लेप लावायला आमच्या यवतमाळकडे अजून सांगतात. तो विचारातच घेऊ नका. कातडी भाजते, व्रण कायमचा राहतो.

खरी निवड दोन मार्गांत आहे. लेझर किंवा कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या टोकाने) तीळ जाळतात. जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं, टाके नाहीत. पण तीळ खोल असेल तर पुन्हा उगवू शकतो आणि तपासायला काहीच उरत नाही. कापून काढला तर चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी निघतात, बारीक रेघ राहते. मात्र तुकडा पॅथॉलॉजीत जातो, कर्करोग आहे का ते कळतं.

म्हणून तीळ वाढतोय, रंग बदलतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत किंवा रक्त येतंय, तर लेझर नकोच. तळपायही बघा, मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तिथेही होतो, आणि अनवाणी वावरात राबणाऱ्याला ती काट्याची जुनी जखम वाटते. अशा वेळी सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा.

वर्षानुवर्षं तसाच असलेला, फक्त दिसायला नकोसा तीळ त्वचारोगतज्ज्ञाने बघितल्यावर लेझरने काढायला हरकत नाही. कापूस वेचताना जखमेवर ऊन पडू देऊ नका, डाग काळा पडतो.