काळ्या मातीवरचं कृत्रिम गवत: आमचे 87 हजार कसे गेले

आमचं घर अकोल्यात, आणि अंगण म्हणजे निव्वळ काळी माती. पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल चिकटतो, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मामाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वॉकर घेऊन रोज चालायला सांगितलं, तेव्हा हे अंगण त्यांचं वैरी झालं. फरशी नको होती, कारण शेजारच्यांची फरशी दोन पावसाळ्यांत उखडलेली रोज दिसत होती. म्हणून 30 बाय 20 फुटांच्या तुकड्यावर कृत्रिम गवत टाकायचं ठरवलं.

ज्याने काम घेतलं तो अडाणी नव्हता, हे आधी सांगते. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे खाली गिट्टीचा जाड थर आणि पाणी बाहेर नेणारा पाइप लागतोच, हे सगळं त्यानेच मला समजावलं. मामाजी खाटेवरून म्हणाले होते, "बाई, हे कायी माती हाय. इच्यात पाणी मुरत नाई, बसून रायते." तर तो लगेच म्हणाला, "काका, म्हणूनच तर नऊ इंच खोदणार." व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं त्यात नऊ इंच खोदकाम, जिओटेक्स्टाइल कापड, 40 आणि 20 एमएमची गिट्टी, वरून चुरी, चार इंची छिद्रांचा पाइप आणि 35 एमएमचं गवत असं सगळं होतं. चौरस फुटाला 145 रुपये, एकूण 87,000. तो जे बोलत होता ते खरंच बरोबर होतं, म्हणून मी विश्वास ठेवला. 60 हजार ॲडव्हान्स दिले.

मे महिन्यात दोन दिवसांत काम झालं. आम्ही दोघंही नोकरीवर, घरी मामाजी एकटे, आणि त्यांची खोली मागच्या बाजूला. पहिल्या दिवशी दुपारी त्याने फोटो पाठवला: खोदलेला खड्डा, त्यात पांढरं कापड, वर गिट्टी. मी डबा खाता खाता पाहिला आणि "छान" असं उत्तर दिलं. संध्याकाळी घरी आले तर चुरी पसरून सपाट झालेली, कंपाउंडच्या भिंतीतून नालीकडे पाइपाचं तोंड बाहेर काढलेलं, त्याला जाळीही लावलेली. दुसऱ्या दिवशी गवत बसलं आणि उरलेले 27 हजार मी आनंदाने दिले.

तो फोटो मी नीट पाहिला तो जुलैमध्ये. खड्ड्याच्या कडांची माती लाल होती. आमच्या गल्लीत कुठेही खोदा, लाल माती निघत नाही.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि मधोमध पाणी साचलं. पाइपातून एक थेंब बाहेर येईना. फोन केला तर म्हणाला, "ताई, पहिल्या पावसात असंच असतं, थर बसतो." आठवडाभरात कुजका वास सुटला, एका कडेला उंचवटा आला, दुसरीकडे पाय दाबला की फचफच आवाज यायचा. एका सकाळी तिथेच मामाजींच्या वॉकरचा पाय खाली गेला. मुलाने धरलं म्हणून ते पडले नाहीत. त्यानंतर मात्र ते दोन महिने अंगणात उतरलेच नाहीत, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग त्याचा आहे.

ठेकेदाराने फोन उचलणं बंद केल्यावर आम्ही ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून कोपऱ्याचे खिळे काढले. गवताखाली जेमतेम दीड इंच चुरी, पिठल्यासारखी झालेली. तिच्याखाली काळं प्लास्टिक. गिट्टीचा खडाही नाही. प्लास्टिकखाली न खोदलेली, नुसती धुमसाने ठोकलेली माती. मिस्त्रीने भिंतीजवळचा पाइप ओढला तर तो हातातच आला. दोन फुटांचा तुकडा, आतलं टोक मातीत खुपसलेलं, एकही छिद्र नाही.

जिओटेक्स्टाइल पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. प्लास्टिक पाणीच अडवतं. गवताच्या छिद्रांतून खाली आलेलं पाणी तिथेच थांबलं, आणि कडेने जेवढं मातीत शिरलं तेवढी माती फुगली. म्हणून कड वर आणि मध्य खाली.

हे पकडायला इंजिनिअर लागत नव्हता. 600 चौरस फूट, पाऊण फूट खोली, म्हणजे 450 घनफूट, साडेचार ब्रास. खोदली की माती सैल होऊन आणखी वाढते. एवढी माती घराबाहेर जायला चार-पाच ट्रॉल्या तरी लागणार, आणि जवळपास तेवढाच माल आत यायला हवा. समोरच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, एकच ट्रॉली आली, चुरीची, आणि मातीची एकही गेली नाही. एवढा प्रश्न मी त्याच संध्याकाळी विचारला असता तर 27 हजार तरी हातात राहिले असते.

काम आता पुन्हा करून घेतलं. गवत धुऊन तेच वापरलं. या वेळी मी तीन दिवस रजा टाकली. आधी नालीचा तळ आमच्या पाइपापेक्षा खाली आहे ना ते मोजलं, कारण एकाने शोषखड्डा सुचवला होता आणि खाली मुरूम लागला नाही तर काळ्या मातीत तो नुसता हौद होतो. घरापासून दूर, 20 फुटांत तीन इंच उतार दिला. खड्डा उघडा असताना टेप लावून फोटो काढले. गिट्टी दाबून झाल्यावर, चुरीच्या आधी, नळी लावून अर्धा तास पाणी सोडलं आणि ते नालीत पडताना पाहिलं, मगच पुढचे पैसे दिले. अकोल्याच्या उन्हात हे गवत दुपारी चटके देतं, हेही कुणी सांगत नाही. मामाजी संध्याकाळीच चालतात.

ठेकेदाराविरुद्ध आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पक्कं बिल माझ्याकडे नाही, पण कोटेशनचा मेसेज, बँकेतून गेलेले पैसे, लाल मातीचा फोटो आणि गवत उचलतानाचा व्हिडिओ आहे. तो दोन फुटांचा पाइपही मी फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. सुनावणीला सोबत नेणार आहे.